मोडक्या वस्तूंची टंचाई

तीर्थरूप मामांना,

त्यांच्या एकुलत्या एका भाचीचा, म्हणजे भोंग्याचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायला. उजव्या गुडघ्याला पट्टा बांधला आहे, त्यामुळे सध्या सात अंगांवर भागवावं लागतंय. पट्ट्याचं कारण पुढे येईल.) इकडे सगळी खुशाली आहे. सासूबाईंना ऐकू येणं विषयाप्रमाणे कमीजास्त होतं, आमच्या ह्यांचं पोट आणि राग दोन्ही ताब्यात आहेत, आणि धाकटीला गणितात दरवेळी मिळतात तेवढेच मिळाले. तुमची तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. मामींना फोनवर विचारलं की त्या "बरे आहेत" म्हणतात, आणि ज्या आवाजात म्हणतात तो आवाज मी ऑफिसात रोज नऊ ते पाच ऐकते. चार महिने झाले, तुम्ही जिना उतरला नाहीत. फोनवर येत नाही. मागच्या महिन्यात मी दोन बस बदलून आले तर सकाळी अकरा वाजता तुम्ही गाढ झोपलेले होतात, आणि त्या गाढ झोपेतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. म्हणून पत्र. टपालखात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस फोन वाजू देईल, दार वाजू देईल, पण आपल्या नावाचं पाकीट न फोडता ठेवणार नाही. वाचायचं मात्र शेवटपर्यंत. मधली पानं चाळून सोडून द्यायची नाहीत.

आधी माझ्या कामाविषयी लिहिते, कारण आपल्या घरात ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. आईच्या मते मी "ऑफिसात असते". सासूबाई शेजारणींना सांगतात की सून लोकांची भांडणं मिटवते (मग तुमच्या घरातलं एकही का मिटत नाही, असं शेजारणी विचारतात, तेव्हा सासूबाईंना ऐकू येत नाही). प्रत्यक्षात मी मानसिक आरोग्य केंद्रात सोशल वर्कर आहे. डॉक्टरीणबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, गोळ्या त्या देतात. बाकीचं सगळं माझ्याकडे. म्हणजे माणसाला केंद्रापर्यंत आणणं, खुर्चीत बसवणं, त्याचं ऐकणं, मग त्याच्या घरच्यांचं ऐकणं, आणि ते ऐकून झाल्यावर त्या माणसाची कीव आली तरी चेहऱ्यावर न दाखवणं. लहानपणी माझं रडणं तीन मजले ऐकू जायचं म्हणून तुम्हीच मला भोंगा हे नाव ठेवलंत. त्याच भोंग्याकडे आज गप्प बसून ऐकण्याचं प्रमाणपत्र आहे, आणि ते साहेबांनी चौकटीत लावून भिंतीवर टांगलं आहे.

आमचं केंद्र तळमजल्यावर. डावीकडे लाँड्री, उजवीकडे चष्म्याचं दुकान. मधे आमची पाटी, जी साहेबांनी उत्साहाच्या भरात इतकी मोठी करून घेतली की पलीकडच्या फुटपाथवरून, चष्मा न लावता, "मानसिक" हा शब्द वाचता येतो. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी लाँड्रीत शिरतो, एक शर्ट टाकतो, डावीउजवीकडे बघतो आणि मग भिंतीला घासत आमच्या दारात सटकतो. लाँड्रीवाल्याची अशी भरभराट झाली आहे की साहेबांचे शर्ट तो फुकटात इस्त्री करून देतो. तरी बायका येतात. रडत येतात, तावातावाने येतात, आधाराला जाऊबाईंना घेऊन येतात, पण येतात. पुरुष फक्त बायकोला सोडायला येतात आणि बाहेरच्या बाकावर बसची वाट बघितल्यासारखे बसून राहतात. (तिथे बस थांबत नाही.) तीन वर्षांत आपल्या पायांनी आत आलेले पुरुष अकरा, त्यातले चार लाँड्री समजून. हे आकडे वर गेले आणि वरून कागद आला की पुरुषांचा गट सुरू करा, सहा महिन्यांत नियमित येणारे आठ जण दाखवा, नाहीतर तुमची मागची खोली जुन्या फायली ठेवायला द्या. आठच का, हे मी विचारून पाहिलं. ते वरच्यांनाही माहीत नव्हतं.

मी शिकल्याप्रमाणे सगळं केलं. खुर्च्या गोलात मांडल्या, मधे पाण्याचा तांब्या ठेवला, दारावर "चला, मन मोकळं करू या" असा कागद चिकटवला. पहिल्या गुरुवारी दोघे आले. एक जण उन्हाचा म्हणून आला होता, सावली मिळाल्यावर त्याचं मन आपोआप मोकळं झालं आणि तो गेला. दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना ही सोसायटीची सभा वाटली, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचल्याशिवाय मन मोकळं करायला त्यांनी हरकत घेतली. दुसऱ्या गुरुवारी एकटे हेडमास्तर आले, इतिवृत्त लिहून घेऊन. तिसऱ्या गुरुवारी मी आणि सात रिकाम्या खुर्च्या. मामा, गोलात मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांमधे पाऊण तास बसून बघा, स्वतःचंच मन मोकळं करायची इच्छा होते.

मग पंखा बिघडला. आमच्या केंद्रातला टेबलफॅन, जो मान वळवताना आधीपासूनच कण्हत होता, त्याने एका दुपारी मान टाकली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. त्यांची बायको वर्षभर माझ्याकडे येते आहे आणि ते वर्षभर बाकावर. पूर्वी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पंख्याचं ते मरण त्यांना बाहेरून बघवेना. ते आत आले, न विचारता पंखा मांडीवर घेतला, स्क्रू काढून ओठांत धरले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. चाळीस मिनिटं. आणि त्या चाळीस मिनिटांत, ओठांतले स्क्रू न पाडता, त्यांनी पंख्याला सांगितलं की मुलगा सहा वर्षं त्यांच्याशी बोललेला नाही, आणि चूक त्यांची स्वतःचीच होती. हे एक वाक्य मिळावं म्हणून मी वर्षभर तीन वेगवेगळे फॉर्म भरत होते! त्यांनी पंखा चालू करून दिला, हात पुसले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले, जणू काही झालंच नाही.

त्याच संध्याकाळी मी दारावरचा जुना कागद फाडला आणि नवा लावला. "मोडक्या वस्तू दुरुस्त करतो. गुरुवारी पाच ते सात. मदतीला माणसं हवीत." मन हा शब्द कुठेही नाही. मामा, पुढच्या गुरुवारी पाच जण! खुर्च्या भिंतीकडे तोंड करून एका रांगेत, पुढ्यात लांब टेबल, आणि नियम एकच की शेजारच्याकडे बघायचं नाही, हातातल्या वस्तूकडे बघायचं. घड्याळजी शिकवतात. हेडमास्तरांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हे अजून समजलेलं नाही, पण ते मागे हात बांधून खुर्च्यांमागून फिरतात आणि सगळ्यांना सावकाश काम करायला सांगतात. एक बसड्रायव्हर आहेत, त्यांनी कुणाच्या तरी मिक्सरला सांगितलं की निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज पहाटे चारला जाग येते आणि कुठे जायचं ते समजत नाही. त्यावर शेजारचा छत्र्या दुरुस्त करणारा, मान वर न करता, "मला साडेतीनला" एवढंच म्हणाला, आणि दोघांनी मिळून मिक्सरचं झाकण बसवलं. (हे सगळं त्यांना विचारून लिहिते आहे. नावं टाळते, ती आमच्या कामाची शिस्त आहे. घड्याळजींनी वय दोन वर्षं कमी लिहायला सांगितलं होतं, मी मुळातच लिहीत नाही.) महिन्याच्या अहवालात "गटातील भावनिक देवाणघेवाण" असा रकाना असतो. त्यात मी दर आठवड्याला काय लिहायचं? इस्त्री दोन, मिक्सर एक, एकटेपणा भरपूर, असं लिहिलं तर साहेब सही करत नाहीत.

आता गुडघा. माझ्याकडे घरभेटीही असतात. त्यांत एक लिफ्टमन होते. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत तीस वर्षं लिफ्टमधल्या स्टुलावर बसून त्यांनी माणसं वरखाली केली. मग नवी लिफ्ट आली, बटणं लोक स्वतःच दाबू लागले, आणि यांचं स्टूल गोदामात गेलं. बायको आधीच वारलेली. तेव्हापासून ते पाचव्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत, दीड वर्षं. शेजारीण डबा ठेवते आणि रिकामा डबा उचलते, तेवढाच काय तो व्यवहार. पहिल्यांदा मी गेले तेव्हा दाराच्या फटीतून एकच प्रश्न आला, लिफ्टने आलात का? मी हो म्हटलं. दार बंद. दुसऱ्यांदा मी शहाणपणा करून नाही म्हटलं, पण त्यांनी लिफ्टचा दरवाजा वाजलेला ऐकला होता. दार बंद. तिसऱ्या खेपेपासून मी जिन्याने चढले. मामा, पाच मजले, एकशे दहा पायऱ्या, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे. गुडघा गेला, पण सातव्या आठवड्यात मी चौथ्या मजल्यावर कठड्याला धरून मटकन बसले तेव्हा ते स्वतः एक मजला उतरून खाली आले, पाण्याचा पेला घेऊन. मी म्हटलं, आता एक मजला उतरलाच आहात तर उरलेले चार उतरायला काय हरकत आहे? ते उतरले. मी मागून, एकेक पायरी, हाय हाय करत. त्या गुरुवारपासून ते येतात. टेबलाच्या टोकाला बसतात, हातात काही घेत नाहीत, बोलत नाहीत. पहिले नऊ आठवडे एक शब्द नाही. पण पावणेपाचला दारात हजर.

असे सात जण झाले आणि मोठंच संकट आलं. मोडक्या वस्तू संपल्या! आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले सगळे पंखे फिरू लागले, सगळे मिक्सर वाटू लागले. एका गुरुवारी टेबलावर एकुलती एक छत्री होती आणि तिच्यावर सात माणसं. वस्तू नसतील तर हे लोक पुन्हा आपापल्या खोल्यांत जाऊन बसतील, आणि लिफ्टमन तर पाचव्या मजल्यावर. मग माझ्या हातून जे झालं ते मी शपथेवर कबूल करते. मी घरी जाऊन आमच्या इस्त्रीची वायर कापली. पुढच्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळातलं चाक काढलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा रेडिओ, ज्याची त्यांना गरज नाही, कारण त्यांना तो ऐकू येत नाही (असा माझा समज होता, पण रेडिओ बंद पडल्याबरोबर त्यांना ते तीन खोल्यांवरून समजलं). आमचे हे चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जाऊ लागले आणि घरातल्या वस्तूंना एकाएकी काय धाड भरली आहे, असं विचारू लागले. मी म्हटलं, जुन्या झाल्या. ते म्हणाले, इस्त्री गेल्या वर्षी घेतली. एका संध्याकाळी टोस्टर घेऊन मी मोरीत बसले होते, हातात पक्कड होती, आणि हे दारात. मानसोपचाराच्या कुठल्याही पुस्तकात या प्रसंगावर काय बोलावं ते दिलेलं नाही.

अशात तपासणी आली. वरून एक मॅडम आल्या, उंच, कडक, हातात फाइल. गुरुवारीच आल्या. टेबलाशी सात पाठमोरे पुरुष बघून त्यांनी विचारलं, ही कुठली उपचारपद्धती? मी "समूहाधारित कृतिशील पुनर्वसन" असं काहीतरी बोलले, जे मलाही त्याच क्षणी सुचलं. त्या लिहून घेत होत्या, इतक्यात घड्याळजींनी माझीच इस्त्री उचलली, वायरचं टोक भिंग लावून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की वायर झिजून तुटली तर तारा काळ्या पडतात आणि वेड्यावाकड्या तुटतात. ही कात्रीने कापली आहे. शिवणाच्या कात्रीने. आणि घड्याळातलं चाक आपणहून उडून जात नाही. मॅडम माझ्याकडे बघतायत, साहेब छताकडे बघतायत, आणि मी ठरवते आहे की राजीनामा आज द्यावा की सोमवारी.

तेवढ्यात ड्रायव्हरने खाकरून घसा साफ केला आणि सांगितलं की मागच्या आठवड्यातल्या त्यांच्या मिक्सरमधे वाळू कशी गेली असं विचारलं जात होतं, तर ती त्यांनी घातली होती. छत्रीवाला म्हणाला, छत्रीची काडी मी गुडघ्यावर वाकवली. हेडमास्तरांनी हात वर करून परवानगी मागितली आणि मग सांगितलं की त्यांचा टेबललँप पडला नव्हता, तो त्यांनी पाडला होता, आणि पहिल्या प्रयत्नात फुटला नाही म्हणून दुसऱ्यांदा पाडला. एकामागून एक सगळे. मामा, दोन महिने मी घरच्या वस्तू चोरून मोडत होते की ही माणसं यायची थांबू नयेत, आणि ही माणसं आपापल्या घरी वस्तू मोडत होती की मी गट बंद करू नये! शेवटी सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाला गेल्या. लिफ्टमन नऊ आठवड्यांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मी काही मोडलेलं नाही. माझ्याकडे मोडण्यासारखं काही नव्हतं. पण मला वाटलं, तरी येऊ दिलं तर बरं.

मला रडू आलं. भोंगा नाही, आवाज न करता, पण भरपूर. मॅडमनी फाइल मिटली. मनगटावरचं घड्याळ सोडून घड्याळजींसमोर ठेवलं आणि हे मात्र खरोखर बंद पडलं आहे असं म्हणाल्या. पण नियम तो नियम. गटात सात आहेत, आठ हवेत. महिनाअखेरची मुदत देऊन त्या गेल्या. दारात वळून एकदा विचारून गेल्या की घरी नुसता बसून राहणारा भाऊ असेल तर त्याला काय सांगून आणायचं असतं. मी म्हटलं, काहीही सांगा, फक्त आजारी आहेस असं सांगू नका.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार सांगा. तुम्ही औषधं वेळेवर घेत असालच (नसाल). धाकटी विचारत असते की मामाआजोबा टपालाच्या गोष्टी सांगायला कधी येणार, तिला मी दर वेळी वेगळं उत्तर देते आणि आता माझी उत्तरं संपत आली आहेत.

तुमची भाची,
भोंगा

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण सांगायचं राहूनच गेलं. वर वाचलंतच की गटात सात जण आहेत आणि खोली वाचवायला आठ लागतात. तुम्ही आलात तर आठ होतील. एवढाच माझा स्वार्थ. तुम्हाला काही झालं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मला फक्त आकडा पुरा करायचा आहे. सोबत एखादी मोडकी वस्तू आणा, तुमचा जुना रेडिओ चालेल.

ता. क. दुसरा : रेडिओविषयी मामींना आत्ताच फोन केला. तो चांगला खणखणीत वाजतो असं त्या म्हणाल्या. कुठली वायर कापायची ते मी त्यांना समजावून सांगितलं आहे.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवून झालं होतं. मामींचा परत फोन आला म्हणून फोडलं. मामा, आठव्या माणसाचं मी खोटं लिहिलं. मॅडम गेल्या गुरुवारी आपल्या थोरल्या भावाला स्वतः आणून सोडून गेल्या, आठ पुरे झाले, खोली आमचीच राहिली. आकड्यासाठी मला तुमची काही गरज नाही. इतक्या परक्या माणसांना मी नाना निमित्तं सांगून घराबाहेर काढलं, तीच युक्ती तुमच्यावर करायला बसले होते. मामींना आज तुमच्या उशीखाली यादी मिळाली, कोणती वस्तू कोणाला द्यायची त्याची. माझ्या नावापुढे तुमची टपालतिकिटांची वही आहे. अशा याद्यांचा अर्थ काय असतो ते मला शिकवलेलं आहे, म्हणून मी तुम्हाला सरळ विचारणार आहे, आणि तुम्ही काय सांगाल ते ऐकून घाबरणार नाही. पण मला ती वही नको आहे, मामा. मला तुम्ही हवे आहात. डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं आहे, उद्या मंगळवार आहे, आपण दोघं बरोबर जाऊ. टपालाने हे पत्र पोचायला तीन दिवस लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून मी ते पेटीत टाकलं नाही. स्वतः घेऊन आले आहे आणि दाराखालून सरकवते आहे. मामींना उठू नका असं सांगितलं आहे. मी बाहेर जिन्यावर बसले आहे. दार तुम्ही उघडा.